शुक्रवारी दाबलेलं बटण

"अहो, तो दिवा जरा बाजूला घ्या... मलिद्याचं ताट दिसेनासं झालंय मला!"

रोह्याला चुलतबहिणीची मेंदी होती. हातात ताट धरलेली डेबोरा अष्टमकर व्हिडिओच्या दिव्याने दिपून दारातच उभी राहिली होती. दिव्यामागून एक शांत आवाज आला.

"मला मात्र आता सगळं नीट दिसतंय."

"सगळं म्हणजे काय?"

"पोहे, खोबरं, वेलची..." दिवा हळूच खाली झाला. मागे एक सावळा, किडकिडीत तरुण हसत होता. "दुसरं काय असणार?"

बायका फिसकन हसल्या. डेबोराने ताट खाली ठेवलं आणि ठरवलं, ह्या माणसाशी आता एक शब्द बोलायचा नाही.

आठ दिवसांनी ती पेणला त्याच्याच दुकानात उभी होती.

१९९८ चा नोव्हेंबर होता तो. डेबोराचा भाऊ एलियाह इस्राएलला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता तिचे वडील इझिकेल मास्तर तिला घेऊन कायमचे निघाले होते. रोह्याजवळच्या अष्टमीतलं घर विकलं गेलं होतं. तिकिटं डिसेंबरची होती. जाताना एकच गोष्ट डेबोराला न्यायची होती, आणि ती हातातल्या पिशवीत होती... जुन्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट. तिची आई मिरियम नऊ वर्षांपूर्वी गेली. हलताबोलताना ती फक्त ह्या कॅसेटमध्ये उरली होती.

"पेणला मिक्सिंगवाला हाय म्हणे, आपल्यातलाच. एझ्रा पेणकर," हौसामावशी म्हणाली होती. मावशी पेणलाच राहायची. पण तो मिक्सिंगवाला म्हणजे तोच दिवा, हे तिने कुठे सांगितलं होतं!

दुकान माडीवर. खाली गणपतीचा कारखाना, आणि जिन्याशी पांढऱ्या मूर्तींची रांग, डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेली. एझ्राने कॅसेट उजेडात धरली आणि त्याचं हसू मावळलं.

"बुरशी धरलीय. ही एकदाच चालेल. दुसऱ्यांदा लावली तर तुटेल."

"मग मिक्सिंग कसं करणार?"

"दोन व्हीसीआरवर करायचं तर शंभरदा पुढेमागे करावी लागेल. कॉम्प्युटरवर एकदाच चालवायची. आत घेतली की मग हवं तिथे कापा, जोडा, मूळचं शाबूत राहतं." त्याने कॅसेट टेबलावर ठेवली. "पण कोणत्या सॉफ्टवेअरने आत घ्यायची, ते आधी ठरवायला हवं."

त्याच्याकडे दोन सॉफ्टवेअर होती. पहिलं त्याने उघडलं आणि पडद्यावर गुलाब उमलले, बदाम फिरले, वधूवर एका शंखातून बाहेर आले.

"सगळ्या गिऱ्हाइकांना हेच पायजे असतं."

"माझ्या आईला शंखात नको हं बसवू!"

"नाही बसवत." त्याने दुसरं उघडलं. करडा पडदा, आडव्या रेघा, बस्स. "ह्याच्यात नटणं-मुरडणं काही नाही. पण सांगितलं तिथेच कापतं. दोन्हींवर एकच टेप तीन-तीन दिवस चालवून बघितली मी. गुलाबवालं मध्येच फ्रेम गाळतं. तासाभराने ओठ पुढे आणि आवाज मागे. हे एकही फ्रेम सोडत नाही. आणि मुद्दाम वायर ओढून बंद पाडलं, तर उठल्यावर जिथे होतं तिथून पुन्हा सुरू झालं."

"मुद्दाम बंद पाडलं?"

"रुसल्यावर कसं वागतं, ते बघायला नको? आयुष्य काढायचंय त्याच्याबरोबर."

"असं तर लोक मुलगी बघतात."

"मुलीची वायर नाही ओढता येत," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

करडं सॉफ्टवेअर ठरलं. एझ्राने व्हीसीआरचं हेड पुसलं, पंखा बंद केला आणि कॅसेट लावली. खरखर, रेघा, नवरानवरी, जेवणाच्या पंगती... आणि एकदम मिरियम! हिरव्या लुगड्यातली मिरियम वळली, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली, पदर तोंडाला लावून हसली आणि गेली. पाच मिनिटांनी व्हीसीआरमध्ये कर्रर्र झालं. एझ्राने कॅसेट बाहेर काढली तेव्हा फीत तुटून लोंबत होती.

डेबोराने ती तुटकी टोकं बोटांत धरली.

"ती आली आत. हे बघ," एझ्रा हलकेच म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

पडद्यावर त्याने मिरियमला आडवं पसरलं. वाळत घातलेल्या पातळासारखी लांबच लांब पट्टी, आणि तिच्यात चौकटीमागून चौकट आईच आई.

"अकरा सेकंद. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेम. म्हणजे दोनशे पंच्याहत्तर."

"दोनशे पंच्याहत्तर आया..." डेबोरा पुटपुटली. तो एकेक फ्रेम पुढे सरकवू लागला. मान वळायच्या आधी डोळे वळले होते. हसू ओठांवर यायच्या आधी गालात येऊन थांबलं होतं. जिवंतपणी हे कधी दिसलं नव्हतं तिला. कुणाला दिसतं? माणूस हसतं आणि आपण पुढे जातो. इथे हसण्याच्या आधीचं ते हसू समोर थांबलं होतं, आणि हवा तेवढा वेळ बघू देत होतं. देवळात बोलावं तशा आवाजात तिने विचारलं, "हे असं... नेहमी असतं? सगळ्यांच्यात?"

"सगळ्यांच्यात. फक्त थांबून बघावं लागतं." पण तो पडद्याकडे बघत नव्हता.

मग ती दर मंगळवारी आणि गुरुवारी रोह्याहून एस.टी.ने येऊ लागली. घरच्या इतर कॅसेटींतली जुनी लग्नं, सण, मलिद्याचे विधी निवडून तासाभराची फीत जुळवायची होती. आईचे अकरा सेकंद शेवटी. कुठे कापायचं यावरून ती भांडायची.

"अजून दोन फ्रेम ठेव."

"दोन फ्रेमनी काय होतं?"

"मान पुरती वळते."

तो ठेवायचा. आणि खरंच मान पुरती वळायची. मग दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत. चहा निवून जायचा. 'जाऊ नको' हे दोनच शब्द, पण एझ्राच्या तोंडून काही निघाले नाहीत. मास्तर साठीचे, मुलगा तिकडे. कुठल्या तोंडाने म्हणायचं?

डिसेंबर आला. अष्टमीच्या घराची किल्ली देऊन बापलेक शुक्रवारी मावशीकडे पेणला आली. रविवारी पहाटेचं विमान, शनिवारी रात्री नऊला टॅक्सी. त्या शुक्रवारी डेबोरा दुकानात पोचली तेव्हा ऊन कौलांवरून उतरत होतं.

"झालं?"

"जोडून आत्ता झालं. आता प्रत्येक फ्रेम साफ करून रंगवायचीय, त्याला रेंडर म्हणतात; यंत्राला चौदा तास लागतील. आता बटण दाबलं की उद्या सकाळी तयार."

"उद्या तर शनिवार."

एझ्राच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार हा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; शुक्रवारचा सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. दुकान काढताना एझ्राने आजीला शब्द दिला होता, शनिवारी यंत्राला हात लावणार नाही.

"मी कुठे हात लावतोय? सूर्य बुडायच्या आत दाबणार. पुढचं त्याचं ते करील."

खालून मूर्तिकार ओरडला, "एझ्राशेट, दिवस बुडायला आला हो तुमचा!" डेबोरा दारात उभी होती, जणू शेवटचीच. तो तिच्याकडे बघत होता. बघता बघताच त्याने बटण दाबलं, दिवा मालवला आणि कुलूप लावलं.

शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या तशी मास्तर, डेबोरा आणि हौसामावशी माडी चढून वर आली. एझ्रा नुकता कुलूप काढत होता.

"लाव बाबा," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "जायच्या आधी एकदा बघतो तिला."

पडदा उजळला. मलिद्याचं ताट. ताटामागे दिव्याने दिपलेले डोळे. डेबोरा! मेंदीत रुसलेली डेबोरा, बहिणीच्या कानाशी वाकलेली, वेणीतलं फूल सारखं करणारी, हळूच मागे वळणारी... तीन मिनिटं नुसती डेबोरा. कापाकापी अशी, की प्रत्येक तुकडा तिची मान वळताना सुरू व्हायचा आणि पुरती वळली की संपायचा.

एझ्राचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ही... ही माझी होती. मेंदीच्या शूटिंगमधली. दोन्ही उघड्या होत्या, घाईत चुकीची..." त्याने भराभर तपासलं. "मूळ सगळं आत आहे. आई आहे. पण रेंडर झालेलं नाही. अजून चौदा तास लागतील."

टॅक्सीला दोन तास उरले होते.

"मेल्या!" हौसामावशीने कपाळाला हात लावला. "म्हणजे एवढं तीन मिनिटांचं करून काल रातभर तुझं यंत्र रिकामंच बसलेलं?"

मास्तरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

"काय?"

"हेच. पुन्हा लाव."

त्याने लावलं. ताट, डोळे, रुसवा, वळणारी मान. मास्तर पुढे झुकून बघत राहिले.

"अशीच वळायची," ते म्हणाले. "मिरियम. अगदी अशीच. तीस वर्षं तिच्याबरोबर काढली, आणि पोरगी डोळ्यांसमोर असून दिसलं नाय मला. ह्या पोराला दिसलं." त्यांनी चष्मा पुसला. "डेबू, तुला काय पायजे?"

तिने बाबांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, ज्याने दिवा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांवर धरला होता.

"मला... चौदा तास पायजेत, बाबा."

"चौदाच?"

ती खाली बघून हसली. आधी गालात, मग ओठांवर.

मास्तर उठले. "एलियाह विमानतळावर येईल माझ्यासाठी. तू मावशीकडे राहा." एझ्राच्या खांद्यावर हात ठेवून ते थोडा वेळ थांबले, गणित सुटल्यावर फळ्याकडे बघत थांबावं तसे. "पुढच्या महिन्यात माझा जुना विद्यार्थी, पुण्याचा शरद, यायचाय तिकडे. त्याच्याबरोबर टेप तेवढी पाठव. लग्नाची तारीख ठरली की ती पण कळव. तेव्हा येईन मी."

"चला गो बाई," मावशी पदराने डोळे टिपत जिना उतरू लागली. "एक बॅग कमी भरायची."

एझ्रा यंत्राकडे वळला. त्याने बटणाकडे हात नेला.

"थांब," डेबोरा म्हणाली. "तुझा काही भरवसा नाही."

पडद्यावर दोन नावं होती. तिने खालच्यावर बोट ठेवून वाचलं, 'मिरियम'. पुन्हा एकदा वाचलं. आणि एझ्राच्या हातावर आपला हात ठेवून बटण तिनेच दाबलं.