फटीतला वारा

"रंगाचे डबे आणायला इतका उशीर?" मी शिडीवरूनच ओरडले.

दारातला तरुण बावचळला. "डबे नाहीत... मी ऊर्जा-तपासणीला आलोय."

मी जीभ चावली. जुन्या गोदामाची बालवाडी करायचं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. ऊर्जा-नियमांचा दाखला मिळाला नाही, तर बालवाडी उघडणार नव्हती.

इन्स्पेक्टरनं दारात मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढली. मग धुराची कांडी घेऊन तो भिंतीभिंतीशी फिरला. खिडक्यांच्या कडेला धूर वेडावाकडा पळाला.

"नापास," तो म्हणाला. इतक्या हळू, की जणू त्यालाच लागलं.

"थोडी डोळेझाक..."

"पोरं खिडकीखालीच बसणार ना? हा गार वारा त्यांच्या मानेवर येईल."

राग आला, पण खोटं काय बोलला तो? मग बाह्या सरसावून त्यानं प्रत्येक फटीवर खडूनं खूण केली. मी शिडी धरली होती.

"घट्ट धरा हं."

"नापास करणाऱ्याला पाडावंसं वाटतंय!"

तो हसला... आणि मी शिडी आणखी घट्ट धरली.

मी आणि बाबांनी आठ दिवस फटी बुजवल्या. बाबा जुने गवंडी; गुडघे कुरकुरत होते, पण हात थांबला नाही. मधेच म्हणाले, "पोरी, त्या इन्स्पेक्टरचा विषय आज पाचव्यांदा निघाला."

"कामाचंच बोलतेय!"

"हो, हो. कामाचंच."

नवव्या दिवशी इन्स्पेक्टर परत आला आणि पंखा पुन्हा घुमला. कडेकडेनं कांडी फिरली, पण धूर कुठेच आत घुसला नाही. यंत्रावरचा हवेच्या गळतीचा आकडा त्यानं दोनदा पाहिला.

"मर्यादेच्या निम्मा! यंदा माझ्या तपासणीत इतकी उत्तम इमारत दुसरी नाही."

बाबांनी थापी हवेत उडवली. शेजारच्या डॉक्टरीणबाई बघायलाच आल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या दवाखान्याचं काम मला देऊन टाकलं.

दाखल्यावर सही करून इन्स्पेक्टर घुटमळला. "दवाखान्याच्या तपासणीला... मी येणार नाही बहुतेक."

"का?"

"जवळच्या माणसाचं काम तपासायचं नाही, असा नियम आहे." त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

बाबा एकाएकी भिंतीचा गिलावा निरखू लागले.

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "नियम म्हणजे नियम," मी म्हणाले, "दुसऱ्याला पाठवा."