डास न बसणारा पाय

वसईजवळच्या सांडोरमध्ये ऑक्टोबरची रोझरी म्हणजे निम्मी प्रार्थना आणि निम्मे डास. महिनाभर वाडीतली माणसं रोज एकेका घरी जमतात, अंगणात सतरंज्या पडतात, ‘नमो मारिया’ सुरू होतं आणि लगेच कुठून तरी पहिली चापट ऐकू येते. चहूकडे केळी, मागे बागेला पाणी देणारं बावखल नावाचं तळं, पावसाळा नुकताच सरलेला. डासांनी आणखी काय मागावं? माळ ओढणारा हात मधूनच पोटरीवर जातो आणि परत मण्यावर येतो. मारियामातेलाही एव्हाना सवय झाली असेल.

त्या संध्याकाळी पाळी शेजारच्या हेलनच्या घराची होती. ॲंजेला मागच्या रांगेत बसून सवयीने लोकांचे पाय बघत होती. ती सैन्यातली डॉक्टर, हुद्द्याने लेफ्टनंट कर्नल. आफ्रिकेतल्या एका शांतिसेनेच्या तळावर दोन वर्षं काढून नुकतीच रजेवर आली होती. जवानांना आणि आसपासच्या गावांना कुठला ताप येतोय, कुठल्या डासातून येतोय, यावर पाळत ठेवणं हे तिच्या तुकडीचं काम. त्यासाठी माणसाने पाय गुडघ्यापर्यंत उघडा टाकून बसायचं. डास टेकला की चावायच्या आत त्याला काचेच्या नळीत ओढून घ्यायचं. हात उगारायचा नाही, पाय हलवायचा नाही. ॲंजेलाने स्वतः असे कित्येक तास काढले होते. लोकांना वाटतं तसलं शौर्य त्यात काही नाही, खाज मात्र भरपूर असते.

सगळं अंगण चापट्या मारत होतं. एकटी टिफनी हलत नव्हती. ही ॲंजेलाची नऊ वर्षांची मुलगी. आई परदेशी, बाप ऑस्कर जहाजावर, म्हणून आजोबांकडे वाढत असलेली. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. आज मात्र फ्रॉकमधले उघडे पाय पसरून शांत बसली होती आणि त्या पायांवर एकही डास नव्हता.

“तुला चावत नाहीत गं?” घरी येताना ॲंजेलाने विचारलं.

“नाही. किती दिवस झाले, चावतच नाहीत. मी लकी आहे ना, मम्मी?”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ॲंजेलाने तिला ओटीवर शेजारी बसवलं. दोघींचे पाय उघडे, एकमेकांना चिकटून. साबण तोच, जेवण तेच. ॲंजेलाच्या पायावर डास टेकू लागले, नळीत भरू लागले. टिफनीच्या पायाकडे एकही वळला नाही. नकोसा वास आला तर डास बिचकतो, बाजूला होतो, हे ॲंजेलाला माहीत होतं. इथे तो बिचकतही नव्हता. तिथे पाय आहे हेच त्याला कळत नसावं.

“तुझं सैन्यातलं खूळ घरात कशाला आणतेस गो बाय?” तिचे वडील आल्बर्ट नारळाच्या सोडणांचा धूर करता करता म्हणाले. “पोरीला चावत नाय, ते बरंच हाय.”

ॲंजेलाने टिफनीचा ताप मोजला, नाडी पाहिली, वसईतल्या एका लॅबमध्ये तिचं रक्त तपासून घेतलं. सगळं उत्तम होतं. डॉक्टर म्हणून ती निश्चिंत झाली. आई म्हणून मात्र झाली नाही, कारण तिला आफ्रिकेतल्या तळाच्या फाटकाशी येणारी एक बाई आठवली.

ती बाई रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची. कुणाला न्यायला आलीस, असं विचारलं की म्हणायची, ते आठवत नाही, पण न्यायचंय कुणाला तरी. तुमच्यात कामाला होतं ते कोण होतं? घरी मी दोघांचं रांधते, का ते मला कळत नाही. जवान तिला वेडी म्हणायचे. ॲंजेलानेही तिच्या हातात बिस्किटं ठेवून तिची बोळवण केली होती. दुभाषी मात्र जमिनीकडे बघत राहिला होता. “आमच्याकडे होतं असं,” तो म्हणाला होता. “आधी माणसाला डास सोडतात. मग कोंबड्या, कुत्री. मग माणसं. सगळ्यात शेवटी आई.” ॲंजेला तेव्हा हसली होती. त्या हसण्याची आता तिला लाज वाटली.

रविवारी मिस्साहून आल्यावर टिफनी अंगणातून पळत गेली आणि कोंबड्या उधळल्या नाहीत. एक तर तिच्या पावलावर पाय देऊन पलीकडे गेली, वाटेत दगड असावा तशी. टिफनीला आधी हसू आलं. मग ती कुत्र्याजवळ उकिडवी बसली आणि किती तरी वेळ त्याला नावाने हाका मारत राहिली. आल्बर्टनी आतून शीळ घातली तेव्हा कुठे त्याचा कान हलला.

संध्याकाळी ऑस्करचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. बागेच्या पंपाची चौकशी झाली, सासऱ्यांच्या गुडघ्याची झाली. टिफनी आईच्या खांद्यावरून वाकून हात हलवत होती.

“टिफनीशी बोल ना,” ॲंजेला म्हणाली.

“कोण?” ऑस्कर म्हणाला. “हेलनकडे कुणी आलंय का?”

नेटवर्कचं निमित्त करून ॲंजेलाने फोन ठेवला. टिफनीचा हलवता हात अजून वरच होता.

त्यानंतर दोनच दिवस टिफनी शाळेत गेली, मग ॲंजेलाने तिला पाठवलं नाही. नजरेआडही होऊ दिलं नाही. पाळत ठेवणं हे तर तिचं रोजचं काम, पोटच्या पोरीवर ती कमी पडणार होती का? पण रोझरीनंतर उकडलेले चणे वाटताना हेलनचा हात टिफनीच्या पसरलेल्या ओंजळीवरून पुढच्या माणसाकडे गेला. आणि एका दुपारी आल्बर्टनी जेवायला ताटं घेतली, ती दोनच.

“पपा, तिसरं?”

“कोन येनार हाय?”

मस्करी करतानाचा त्यांचा चेहरा तिला पाठ होता. हा तो नव्हता. नातीला अंगाखांद्यावर खेळवलेला म्हातारा तिच्याकडे बघत होता आणि तिच्यामागची भिंत त्याला दिसत होती.

“मम्मी, तू बघतेस ना मला?” टिफनीने विचारलं.

“बघतेय गं.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याच संध्याकाळी चुलीवरून दूध उतरवून ॲंजेला मागे वळली, दारातल्या मुलीला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि नाव लगेच आलं नाही. आलं, पण जरा उशिरा आलं. ॲंजेला इतकी घाबरली की दुधाचं भांडं कुठे ठेवलं हेही तिला समजलं नाही.

महिन्याची शेवटची रोझरी आल्बर्टच्याच अंगणात होती. ॲंजेलाने टिफनीला मांडीवर घेतलं आणि उजवा हात तिच्याभोवती घट्ट आवळला.

“माझा हा डावा दंड धर. मला दुखलं तरी सोडायचा नाही. आणि बोलत राहा.”

“प्रार्थना चालू असताना?”

“हळू बोल.”

टिफनी कानाशी कुजबुजत राहिली. शाळेतल्या त्या शेवटच्या दोन दिवसांत बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण दप्तर तिच्या जागेवर ठेवायची ते, बाई हजेरीत पुढच्या नावावर जायच्या ते. ॲंजेलाने तिच्या केसांत नाक खुपसलं होतं. आधी खोबरेल तेलाचा वास येत होता. मग नुसता सोडणांच्या धुराचा.

डास आले. मानेवर बसले, कानाच्या पाळीवर, घोट्यावर. ॲंजेला हलली नाही. परक्या मुलखात नोकरीसाठी ती तासन्‌तास अशी बसली होती.

मांडीवरचं ओझं हलकं होत चाललं होतं.

“मम्मी.”

“हं.”

“माझं नाव घे ना.”

नाव अगदी ओठांवर होतं.

एक डास पापणीवर टेकला.

उजवा हात आपसूक उठला.

चापट बसली.

तळहातावर रक्ताचा ठिपका होता. ॲंजेलाने तो रुमालाला पुसला आणि माळेतला पुढचा मणी धरला. पायांना रग लागली होती म्हणून ते लांब केले. प्रार्थना संपली. हेलनने चणे वाटले, आणि ॲंजेलाने ते चवीने खाल्ले.

“आज बरी दिसतेस,” हेलन म्हणाली. “आल्यापासून कसला घोर लागला होता गो तुला?”

“कुणास ठाऊक,” ॲंजेला म्हणाली. तिला खरोखरच आठवेना.

सतरंज्या झाडून झाल्यावर ती हात धुवायला न्हाणीत गेली. बाही वर सारली तेव्हा डाव्या दंडावर खुणा दिसल्या. एका ओळीत चार, मागच्या अंगाला एक, निळसर आणि ताज्या. डास चावल्याच्या त्या नव्हत्या, एवढं तिला कळत होतं. तिने आपल्या उजव्या हाताची बोटं त्यांवर ठेवून पाहिली. तिची बोटं फार मोठी होती.

ती बघत असतानाच त्या खुणा आणखी खोल रुतल्या.