थंडीची लाट आणि पोहायला मनाई

कुसुमआत्याची द्राक्षं वाचली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू या, कारण अजून आत्याच गोष्टीत आलेली नाही.

निफाडजवळच्या गारवाडीला आपल्या थंडीचा भारी अभिमान. पाहुणा कुडकुडला की गावाची छाती फुगे. अशा या गावाला दर्या नावाचा हवामान-रोबो मिळाला होता. तो घडवला होता कोकणातल्या बंदरासाठी. बदली इथे का झाली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सकाळी त्याने भोंग्यावरून गंभीर आवाजात जाहीर केलं, “परवा थंडीची लाट. कोणीही पोहायला उतरू नये.”

गाव पोट धरून हसलं. आभाळ ढगाळ होतं आणि स्वेटर खांद्यावर लटकत होते. कुसुमआत्या तर सगळ्या मजुरांना घेऊन तीन दिवस लग्नाला निघाली होती. “मला इथे उकडतंय, आणि म्हणे लाट. याला आधी उन्हात वाळवा कुणीतरी.”

आत्याची शाळकरी भाची जुई मात्र हसली नाही. द्राक्षांत नुकती साखर भरत होती. कडक थंडीने मण्यांना तडे गेले असते आणि आत्याचं वर्षभराचं काम मातीत. तिने दर्याला विचारलं, लाट आत्ता आहे कुठे?

दर्याने देशभरातल्या आपल्या भावंडांना हाका मारल्या. काश्मीरचा रोबो बर्फात कमरेपर्यंत रुतला होता, पण खुशीत होता. तिथे पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्रावरून ढग, पाऊस, बर्फ घेऊन येणारी हवेची खळबळ) येऊन गेला होता. त्याच्या पाठोपाठ कोरडा, गार वारा दक्षिणेकडे सुटला होता. अमृतसर काल गारठलं, ग्वाल्हेर आज. उद्या इंदूर.

“आणि मग आम्ही,” जुई म्हणाली. “पण पुढच्या महिन्याचं सांग ना.”

“किनाऱ्यावरून येणारी लाट दिसते. तिच्या मागची दहावी दिसत नाही. दिसते म्हणणारा थापा मारतो.”

जुई धावत आत्याकडे गेली. ढग म्हणजे गोधडी, तिने सांगितलं. जमिनीची ऊब ती धरून ठेवते. गोधडी सरकली की रात्री ऊब थेट आभाळात जाते, आणि त्यात वरून उत्तरेचा वारा.

“आणि नाही आली तुझी लाट, तर?”

“तर लग्नातली सगळी भांडी मी घासेन.”

आत्याने क्षणभर भांड्यांचा विचार केला आणि मजुरांना थांबवलं.

तिसऱ्या पहाटे आभाळ स्वच्छ होतं आणि गवतावरचं दव गोठलं होतं. आत्याच्या बागेत मात्र शेकोट्या धुमसत होत्या आणि विहिरीचं पाणी सुटलं होतं. ते हवेपेक्षा उबदार असतं. एकाही मण्याला तडा नव्हता. आत्या लग्नघरी फोन करून सांगत होती, “आमच्या जुईने काश्मीरातून निघालेली लाट गारवाडीत बसून ओळखली.” नवरदेवाला बोलायला मिळालंच नाही.

आता देशातल्या सगळ्या शाळांनी एकमेकींना लाटांची वर्दी द्यायची, असं जुईने ठरवलंय. पहिलं पत्र गेलंसुद्धा, तेही थेट उगमाला:

‘प्रति, माननीय भूमध्य समुद्र. आपल्याकडून निघणारे विक्षोभ आम्ही आता स्वतः ओळखतो, कळवण्याची तसदी घेऊ नये. तथापि, यापुढील थंडी गणिताच्या पेपरच्या दिवशीच पोहोचेल अशा बेताने रवाना करावी, ही विनंती. पोच द्यावी.’