बिनपट्ट्याची गोमाशी

"माझ्या नवऱ्याने बाबांना मारलेलं नाही. उद्या त्याला कोर्टात उभं करतायत. काहीतरी करा हो, बाई!"

भिंगवाल्या बाईंनी तिला पाणी दिलं. खासगी तपास करणाऱ्या या बाईंचं खरं नाव कुणी विचारत नसे. सोबत निवृत्त कंपाउंडर असायचे. माणूस सरळ, पण ट्यूब जरा उशिरा पेटायची.

तिचे वडील माश्यांचे अभ्यासक. परवा दुपारी चारच्या सुमारास अभ्यासिकेत कुणीतरी डोक्यात घाव घालून त्यांचा खून केला. तीन वाजता जावयाचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी त्यालाच उचललं.

दोघं तिच्या माहेरी पोहोचले. अभ्यासिकेच्या भिंतीवर जिवंत गोमाश्यांचे मोठे फोटो होते. काहींच्या हिरव्या डोळ्यांवर जांभळा पट्टा होता, काहींचे डोळे साधे तपकिरी. खाली वाळवलेल्या माश्यांच्या पेट्या होत्या.

कंपाउंडर माश्यांखालच्या चिठ्ठ्या वाचू लागले. "'पट्ट्याची', 'बिनपट्ट्याची'. मला तर इथे सगळ्यांचेच डोळे तपकिरी दिसतात! आणि या टाचणीला माशीच नाही."

"बघत राहा," बाई म्हणाल्या.

मुलीचा मोठा भाऊ आला. वडिलांच्या पुस्तकासाठी तोच फोटो काढायचा.

"चार वाजता मी नदीवर होतो. इथून तासाभराची वाट आहे. हा फोटो बघा, मागे पूल, वर वेळ. फौजदारांनाही पटलंय. कॅमेऱ्याचं घड्याळ फिरवता येईल हो, पण गोमाशी पाचनंतर दिसत नाही. तिला कोण बोलावणार?"

"कोणती आहे ही?"

"बिनपट्ट्याची. डोळे बघा की."

"या पेट्यांतही असेल ना?"

"त्यांना मी हात लावत नाही. मेलेल्या माश्यांची किळस येते मला."

कंपाउंडरांनी वडिलांचं पुस्तक उघडलं. "बिनपट्ट्याचीचे पंख कोरे असतात, पट्ट्याचीच्या पंखावर काळा ठिपका. फोटोत ठिपका आहे आणि पट्टा नाही. बाई, ही तर धड इकडची ना तिकडची!"

बाईंनी फौजदारांना बोलावून घेतलं.

"ठिपका आहे म्हणजे ही पट्ट्याचीच," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांचा रंग जीव असेपर्यंतच टिकतो. मेल्यावर पट्टा उडतो, म्हणून पेटीत सगळ्याच तपकिरी. फोटोतली माशी मेलेली आहे, त्या रिकाम्या टाचणीवरून काढलेली. तुम्ही तिला बोलावलं नाहीत, खिशातून नेलंत. साडेपाचला पानावर ठेवली, घड्याळ चारवर आणलं. पेट्या एकदा नीट बघितल्या असत्या, तर फसला नसतात."

भावाने फोटो खाली ठेवला.

"पंधरा वर्षं त्यांच्यासाठी उन्हात फिरलो. पुस्तकावर माझंही नाव घाला म्हटलं, तर म्हणाले, तुला साधी माशी ओळखता येत नाही, तुझं नाव कशाला? हातात दगडी वजन होतं. कसं झालं, मलाच कळलं नाही."

फौजदार त्याला घेऊन गेले. नवरा सुटणार याचा बहिणीला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला फार लाज वाटली.

आतल्या खोलीतून आईचा थकलेला आवाज आला. "जावई सुटले का गं?"

"हो, आई."

"मग दादाला पाठव त्यांना आणायला."