हौशी पेशंट

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी आतेबहीण. धडधाकट आहे, मागच्याच आठवड्यात आमच्याकडे जेवून गेली. तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी स्वतःच जाऊन सांगायची आणि मार खायची. तिनं सांगितलं तसं सांगतोय, पदरचं काही घातलेलं नाही.

घरात तिला सगळे बारकी म्हणतात.

भुतं रात्री दिसतात असं आपण ऐकत आलो. बारकीच्या बाबतीत घडलं ते भरदुपारी, कॉलेजात, ट्यूबलाइटच्या उजेडात. तो गुरुवार होता.

ती तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज मोठं. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅबवाले, सगळे एकाच छपराखाली. आसपासच्या वस्त्यांशी कॉलेजचा चांगला घरोबा होता. दर गुरुवारी सगळी मुलं वस्तीत जायची, घरोघरी रक्तदाब तपासायची, बाळंतिणींची विचारपूस करायची. आणि वस्तीतली माणसं उलट कॉलेजात येऊन पेशंट व्हायची.

म्हणजे खोटे पेशंट.

कुणी रिटायर झालेला पोस्टमन, कुणी भाजीवाली मावशी. त्यांना आजार नेमून द्यायचे. आज तुमचं पोट दुखतंय, आज तुम्हाला चक्कर येतेय. त्यांनी तसं करून दाखवायचं आणि मुलांनी प्रश्न विचारायचा सराव करायचा. बारकी त्यांना हौशी पेशंट म्हणायची. माणसं मोठी हौसेनं कण्हायची.

सरावाच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीत मोठी काच असे. आतून आरसा, पलीकडून खिडकी. पलीकडे शिक्षक बसून बघत. संपलं की ते काचेवर टकटक करत. टकटक होईपर्यंत पेशंटनं सोंग सोडायचं नाही आणि मुलीनं खोली सोडायची नाही, हा तिथला नियम.

बारकीचं घोडं इथेच अडलं होतं.

खऱ्या पेशंटसमोर ती वाघीण. रक्त, उलट्या, नातेवाइकांची आरडाओरड, कशानंच तिचा हात हलायचा नाही. पण खोट्या पेशंटसमोर तिची दातखीळ बसायची. समोरचा ठणठणीत आहे, आत्ताच चहा पिऊन आलाय, हे ठाऊक असताना 'कुठं दुखतंय' विचारायचं तिच्या जिवावर यायचं. तोंडातून शब्दच फुटायचा नाही.

परीक्षाही अशा खोट्या पेशंटवरच व्हायची आणि तीत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदाही झाली असती तर कॉलेज सुटलं असतं. आत्यानं तिला एकटीनं वाढवलेलं, आणि आत्याचे गुडघे आता कामाला साथ देत नव्हते. ही पास झाली तर घर सावरणार होतं. नाहीतर काय, याचा विचार दोघीही मोठ्यानं करत नसत.

म्हणून ती मदतीच्या बाईंकडे गेली.

विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी बघायला कॉलेजनं एक बाई नेमल्या होत्या. वयस्क, मऊ बोलणाऱ्या. मान एका बाजूला कलवून ऐकायची त्यांना सवय होती. कुणी रडायला लागलं की मैत्रिणी त्याला बाईंच्या खोलीत नेऊन बसवायच्या, आणि ते माणूस चेहरा धुऊन हसत बाहेर यायचं.

बाईंनी बारकीचं सगळं ऐकलं. मग विचारलं, खोट्यांसमोरच अडतं ना तुझं, खऱ्यांसमोर नाही? बारकी हो म्हणाली. बाईंनी तेच पुन्हा विचारलं.

गुरुवारी दुपारी ये म्हणाल्या. सगळे वस्तीत गेलेले असतील, तुला संकोच वाटणार नाही. आमचे एक जुने काका आहेत, त्यांच्यासोबत सराव कर.

बारकीला वाटलं, देव पावला.

गुरुवारी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. बाईंनी तिला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीपाशी नेलं. काका आत आहेत, जा म्हणाल्या. त्या स्वतः मात्र उंबऱ्यापासून चार हात लांबच उभ्या राहिल्या.

बारकी आत गेली. दार मागे लागलं.

खाटेच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. गळ्यात शिंप्याची मापाची टेप. कामावरून तसेच उठून आले असावेत. खाटेजवळ भिंतीवर एक लाल बटण होतं. खरंच त्रास झाला तर दाबायचं, अशी चिठ्ठी खाली चिकटवलेली.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं.

"सिस्टर, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय."

आणि बारकी बोलली.

कधीपासून होतंय, कळ हातात जाते का, श्वास घेताना वाढतं का, आधी कधी झालं होतं का... एकामागून एक प्रश्न येत होते आणि म्हातारा प्रत्येकाचं उत्तर देत होता. मघापासून. डाव्या हातात. हो. नाही. तिला स्वतःचाच आवाज ऐकून आनंद होत होता. आता आईला तोंड दाखवता येईल, असं तिच्या मनात आलं.

प्रश्न संपले. ती टकटक व्हायची वाट बघत बसली.

टकटक झाली नाही.

"सिस्टर, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय."

तोच आवाज. तोच सूर.

बाईंना पुन्हा एकदा करून हवं असेल, असं तिला वाटलं. तिनं पहिल्यापासून विचारलं. त्यानं तीच उत्तरं दिली. पुन्हा शांतता. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा ती हसून म्हणाली, काका, आता पाठ झालं मला.

म्हातारा हसला नाही.

त्याच्या कपाळावर घाम जमला होता. ओठ काळे-निळे पडले होते. बारकीला कौतुक वाटलं, ओठ कसे रंगवले असतील बुवा. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

एकाच माणसाचा श्वास...

तिचा स्वतःचा.

तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं. शर्ट हलत नव्हता. आणि मग तिच्या डोक्यात तो विचार आला. खोट्या पेशंटसमोर माझी दातखीळ बसते. आज का नाही बसली?

ती उठून दाराकडे गेली. मूठ हातात नुसतीच गोल फिरली. तिनं लाल बटण दाबलं. बाहेर व्हरांड्यात घंटा वाजली, तिला ती स्पष्ट ऐकू येत होती. वाजत राहिली. कुणाचं पाऊल वाजलं नाही. तिनं काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या, बाईंना हाका मारल्या. आरशात तिचंच घाबरलेलं तोंड.

"सिस्टर, छातीवर कुणीतरी..."

आणि दिवे गेले.

खोलीला खिडकी नव्हती. गुडूप अंधार. पण काचेचं एक असतं. आतला उजेड गेला की पलीकडचं दिसायला लागतं.

पलीकडे... उजेड होता.

खुर्च्यांची रांग होती. पांढऱ्या ॲप्रनातल्या मुली बसल्या होत्या. मांडीवर कागद. सगळ्या खाटेकडे बघत होत्या आणि लिहीत होत्या. बारकी किंचाळली. एकीचीही मान वळली नाही. कडेच्या मुलीनं म्हाताऱ्याकडे बघून कौतुकानं मान डोलावली आणि पुन्हा खाली बघून लिहायला लागली. दोन वेण्या, बारीक अंग.

मान एका बाजूला कललेली.

त्या मदतीच्या बाई होत्या. विशी-बाविशीतल्या.

बारकीच्या पाठीमागून, अगदी हळू, आवाज आला.

"सिस्टर... मी नाटक करत नाही हो."

एवढा वेळ तो एकच वाक्य घोळवत होता. हे वेगळं होतं.

बारकी म्हणते, त्या क्षणी भीती कुठं गेली कळलं नाही. समोर पेशंट होता, बस्स. तिनं अंधारात चाचपडत त्याला खांद्याला धरून आडवं केलं. अंग गार, आणि ओल्या चादरींच्या गाठोड्यासारखं जड. तिनं दोन्ही तळहात छातीवर ठेवले आणि दाबायला लागली. शिकवलं होतं तसं, सगळा भार टाकून. दंड भरून आले. घाम डोळ्यांत उतरला. पलीकडे त्या लिहीतच होत्या.

मग तिच्या हाताखाली काहीतरी... एकदाच... धडधडलं.

दार उघडलं. दिवे आले.

तिचे हात गादीवर होते. खाट रिकामी होती. गादीत मात्र माणसाच्या पाठीएवढा खळगा पडला होता.

बाई उंबऱ्यापलीकडे उभ्या होत्या. बारकीला काय झालं, कुठं लागलं का, काही विचारलं नाही. "आडवा झाला?" एवढंच विचारलं.

बारकीनं होकारार्थी मान हलवली. बाई व्हरांड्यात फरशीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या शिकत होत्या तेव्हा कॉलेजात एक संशोधन चाललं होतं. खोटा पेशंट किती खरा वाटतो, यावर. मुलींना काचेमागे बसवून गुण द्यायला सांगितलं होतं. मधे कुणी उठायचं नाही, आवाज करायचा नाही, नाहीतर संशोधन बिघडेल. वस्तीतला एक शिंपी फार छान काम करायचा, मुली त्याला हिरो काका म्हणायच्या. त्या दिवशी त्याला छातीत दुखण्याचं सोंग दिलं होतं. त्यानं छाती धरली. घाम आला. काचेकडे बघत हात केला. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, काय काम करतो बघ.

बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

टकटक झाली तेव्हा तो उठला नाही.

"आजवर कुणासमोर तो आडवा झाला नव्हता," बाई म्हणाल्या. "तू पुढच्या गुरुवारी ये. थोडंच राहिलंय बघ, मग तो सुटेल."

बारकी म्हणाली, मी तुम्हाला काचेमागे पाहिलं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्याजणी तेच सांगतात."

बारकीनं हात जोडले आणि विचारलं, नाही आले तर? बाईंनी डोळे पुसले. धमकी दिली नाही, रागावल्या नाहीत. तुझं तोंड उघडलंय आता, तू पास होशील, पुढचं तुझं तू ठरव, इतकंच म्हणाल्या.

बारकी गेली नाही.

तिला दोष कोण देणार? तीनच आठवड्यांवर परीक्षा होती, घरी आई डोळे लावून बसली होती. गुरुवारी दुपारी ती घरी अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिली. तळहात दुखत होते. हाताखाली काहीतरी धडधडल्यासारखं होत होतं. तिनं हात उशीखाली दाबून धरले. संध्याकाळपर्यंत ते थांबलं.

परीक्षेत ती घडाघडा बोलली. पास झाली, नोकरी लागली. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. बारकीनंही तो विषय मनातून पुसून टाकला, किंवा टाकला असं तिला वाटलं.

मागच्या महिन्यात तिच्या हॉस्पिटलनं एका वस्तीत तपासणी शिबिर घेतलं. मदतीला तिच्याच जुन्या कॉलेजच्या मुली आल्या होत्या. त्यातली एक सकाळपासून बारकीकडे टक लावून बघत होती. बारकी जवळ गेली की मागे सरायची. शेवटी बारकीनंच विचारलं, काय गं, ओळखतेस का मला?

मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही टोकाच्या खोलीत असता ना?

बारकीला वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं. मी कॉलेज सोडून किती वर्षं झाली, ती म्हणाली. मुलगी नकारार्थी मान हलवत म्हणाली, मदतीच्या बाईंनी मला सरावाला पाठवलं होतं, दिवे गेले तेव्हा काचेमागे दिसलात. बाईंच्या शेजारच्या खुर्चीत. असेच केस, हनुवटीवर हाच तीळ.

बारकीचा हात हनुवटीवरच्या तिळाकडे गेला. मी काय करत होते, तिनं विचारलं.

"लिहीत होता," मुलगी म्हणाली. "मधेच काकांकडे बघून मान डोलावलीत. मी हाका मारत होते तुम्हाला."

"आणि तू? तू काय केलंस?"

मुलीनं खाली पाहिलं. दार उघडल्यावर मी बाहेर आले ताई, म्हणाली. बाईंनी पुन्हा बोलावलं होतं. पण परीक्षा तोंडावर आली होती ना.

जेवायला आली तेव्हा बारकीनं हे सगळं मला सांगितलं. सांगून होईपर्यंत ताटातला घास तिनं तोंडापर्यंत नेला नाही. मी आपला पुरुषी धीर देत म्हणालो, चल, आपण दोघं जाऊ त्या कॉलेजात, काय ते एकदा बघून येऊ.

ती म्हणाली, "जाऊ. पण मी तिथं खाटेशी जायचं, की खुर्चीतल्या मला उठवायला जायचं?"

उद्या गुरुवार आहे.