एका माणसाची धूळ

क्लीन रूममध्ये माणूस म्हणजे धूळ. डोक्यापासून तळव्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात कोंबला तरी तो झडतच राहतो, आणि उपग्रहाशेजारचं मीटर ते कण मोजतं. तिथे वर्षं काढली की नुसत्या आकड्यावरून सांगता येतं, आत किती जण आहेत. शांत उभ्या माणसाचे सहाशे. मी एकटी असले तर अकराशे, कारण मी पहिल्यापासून धसमुसळी. दादा मला भोवरा म्हणायचा.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. नऊ वर्षं आम्ही दोघांनी जोडीनं उपग्रह तपासले आणि रॉकेटवर चढवायला तयार केले. या उपग्रहाचं काम अर्ध्यावर असताना एका दुपारी तो जेवता जेवता खुर्चीतच गेला. चौथ्या दिवशी मी कामावर हजर झाले. घर खायला उठलं होतं.

शेवटच्या तपासणीला आत एकच माणूस जातो. कण पंधराशेच्या वर गेले तर उपग्रहावर रॉकेटचं झाकण चढवता येत नाही. मी आत गेले आणि मीटरनं सतराशे दाखवले.

मीटर बदललं. हवेच्या गाळण्या बदलल्या. भिंती दोनदा पुसून घेतल्या. दुसरं कुणी आत गेलं की आकडा त्याच्या एकट्याचा यायचा, पण ही तपासणी आता माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती. मी गेले की सतराशे. मीटर हातात धरून फिरले. डावीकडे, दादा पाना घेऊन उभा राहायचा तिथे, आकडा वर चढायचा.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तीन दिवस मी मुद्दाम काम ताणलं.

शेवटी आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला बाजूला घेतलं. "उद्या आकडा खाली आला नाही तर उपग्रह या उड्डाणातून काढावा लागेल गं. मी आणखी नाही थांबवू शकत."

काढला की तो दोन वर्षं गोदामात पडणार. दादाचं शेवटचं काम होतं ते.

सकाळी आत गेले. डावीकडे बघायचं टाळलं. "दादा, तुझ्यामुळे अडलंय रे," मी म्हणाले. "आता जा."

मास्क आतून भिजला. मीटर अकराशेवर आलं. मी तपासणी पुरी केली, दुपारी झाकण बसलं आणि बोल्ट आवळले गेले. ती खोली एवढी रिकामी मला कधीच वाटली नव्हती.

उड्डाणाच्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं. बंद झाकणात थंड हवा सोडतात आणि परत येणाऱ्या हवेतले कण पडद्यावर दिसतात. आत फक्त उपग्रह असतो, म्हणून आकडा पन्नासच्या आत हवा.

पडद्यावर सहाशे होते.

बाईंना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आपल्या कामासोबत जातोय, जाऊ दे, असं वाटलं.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि आकडा हलला.

नऊशे. चौदाशे.

मी बाईंकडे बघितलं. त्या उलटी मोजणी ऐकत होत्या.

अडीच हजार.

शांत उभा माणूस एवढा झडत नाही. दोन्ही हातांनी आतून झाकण बडवणारा झडतो.