चार तासांचं शब्दकोडं

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या एका हातात बाबांच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात तपासण्यांची जाडजूड फाइल होती, आणि डोळ्यांतलं पाणी मी कसंबसं अडवून धरलं होतं.

"याला तीन हृदयं असतात," दारात उभ्या असलेल्या मला तो अगदी गंभीरपणे सांगत होता, निदान मला तरी तसं वाटलं. "रक्त निळं. आणि पोहायला लागला की तीनांतलं एक हृदय चक्क थांबतं, म्हणून हा बिचारा पोहायचा कंटाळा करतो, तळाशी सरपटत बसतो. चार अक्षरी."

मी वैतागलेच. "अहो, आधी माझ्या वडिलांना कुठं बसवायचं ते सांगा. हृदयांचं नंतर बघू."

तेव्हा कुठं त्यानं मान वळवली. टेक्निशियनचा निळा गणवेश, हातात मार्कर. त्याच्या मागं भिंतीवर पांढरा फळा आणि फळ्यावर शब्दकोड्याच्या चौकटी. समोर आठ खुर्च्या, सात माणसं, प्रत्येकाचा एक हात नळ्यांनी मशीनला जोडलेला. रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडणाऱ्या त्या मशीनची घरघर आणि बाहेर पावसाची रिपरिप. सगळे माझ्याकडे बघत होते.

"खिडकीजवळची खुर्ची," तो ओशाळून म्हणाला. "सॉरी... मी यांना विचारत होतो."

आणि दोन महिने ज्यांच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं ते माझे बाबा खुर्चीकडे जाता जाता म्हणाले, "ऑक्टोपस."

खोली हसली. मी तिथंच, भलत्या वेळी, सगळ्यांसमोर रडले.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी आठ ते बारा. बाबांच्या किडन्यांनी संप पुकारला तेव्हापासून आमचा आठवडा या तीन दिवसांचा झाला. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मालकांच्या हातापाया पडून मी या तीन दिवशी दुपारची पाळी मागून घेतली.

पलीकडच्या खुर्चीतल्या शिंपीकाकांनी त्या टेक्निशियनचं नाव 'लांबण' ठेवलं होतं. खरं नाव कुणी घेतच नसे. त्याची सूत्रंच तशी होती. वर्तमानपत्रातल्या कोड्यात 'एक फळ, दोन अक्षरी' असं असतं ना, तसलं काही नाही. हा माणूस एका शब्दासाठी आख्खी वंशावळ सांगायचा.

"तुम्ही सूत्रं लिहिता की निबंध?" एकदा व्हरांड्यात चहा पिताना मी विचारलं.

"दोन शब्दांत सांगितलं तर दोन मिनिटांत सुटतं. मग उरलेले तीन तास अठ्ठावन्न मिनिटं यांनी काय करायचं? पंख्याची पाती मोजायची?"

"म्हणून कायच्या काय माहिती कोंबायची?"

"कोंबायची नाही हो." त्याला खरंच लागलं. "आधी सगळ्यात विचित्र गोष्ट सांगायची, म्हणजे कान टवकारतात. मग थोडं भटकवायचं. आणि शेवटी असं काहीतरी, जे आठांतल्या एकाला तरी नक्की ठाऊक असेल. कोडं त्या एकासाठी लिहायचं. उत्तर कुणालाच नाही आलं तरी चालेल, पण ऐकणारा घरी काहीतरी घेऊन गेला पाहिजे."

"आणि हे आणता कुठून?"

"वाचतो. एका शब्दापायी चार पुस्तकं होतात. लग्न झालेलं नाही, वेळ असतो."

"लग्नाचं मी विचारलं नव्हतं."

"नाही ना?" तो कपात बघत राहिला. "मग... पुढचं सूत्र मी आधीच फोडलं म्हणायचं."

मी चहा एका दमात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

त्याचं ते एकासाठी लिहिणं मी मग रोज बघायला लागले. 'हे हजारो वर्षं कपड्यावर नुसतं दागिन्यासारखं मिरवलं, याला अडकवायला काज हवं हे माणसाला फार उशिरा सुचलं' असं वाचताना तो शिंपीकाकांकडे चुकूनही बघायचा नाही. काका उशीवरून मान उचलून "बटण!" म्हणायचे आणि पुढचा तासभर त्यांच्या पायांतले गोळे त्यांना आठवायचे नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंसाठी खडू, फळा, शाई. कुणाला तहान लागली तर पाणी मोजूनच मिळायचं, ओठांवर बर्फाचा खडा फिरवायचा. उत्तरं मात्र पोटभर मिळत.

एका गुरुवारी त्यानं वाचलं, "पहिली चारेकशे वर्षं याला काड्याच नव्हत्या. लोक हे हातात धरून बसत, नाहीतर नाकाला चिमटवत. कान दोन असतात हे लक्षात यायला माणसाला इतका वेळ लागला. दोन अक्षरी."

सगळे माझ्याकडे वळले.

"चष्मा," मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते. त्या दिवसानंतर आमचं 'अहो-जाहो' कधी सुटलं ते कळलंही नाही.

बाबा मात्र कोड्यापुरते जागे असत, एरवी नाही. चौथ्या तासाला रक्तदाब कोसळायचा, ओठ पांढरे पडायचे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते, आयुष्यभर उन्हातान्हात चाललेला माणूस. आता पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायला त्यांना माझा खांदा लागत होता, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

मग त्या शनिवारी ती चूक झाली.

सूत्र बाबांसाठीच होतं. "ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे हे, असं ठरलं. ते अंतर काढायला दोन माणसं सात वर्षं डोंगर आणि मनोरे चढत हिंडली. आणि एवढं करून शेवटी तुकडा आखूड निघाला, मिलीमीटरच्या पाचव्या हिश्श्यानं. तीन अक्षरी."

"थांब," बाबा म्हणाले. "मिली... काय म्हणालास?"

लांबण कागदाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"सूत्रात उत्तर!" शिंपीकाका खो खो हसले. "अरे, तूच सांगतोस ना, बाकी काहीही चालेल पण उत्तर सूत्रात येता कामा नये म्हणून?"

घरी जाताना टॅक्सीत बाबा बराच वेळ काचेवरचं पाणी बघत होते. मग म्हणाले, "चार महिने बघतोय मी त्याला. असली चूक त्याच्या हातून व्हायची नाही."

"होते एखादी."

"काल दुपारी तो व्हरांड्यात बसून आजचं कोडं लिहीत होता, त्यानंच सांगितलं मघाशी. तू माझे रिपोर्ट न्यायला एकटीच गेली होतीस ना? किती वेळ लागला तुला?"

दोन तास लागले होते, ते सगळे त्याच व्हरांड्यात.

"चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "सुई टोचायच्या आधी विचारतो." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "ऐक. मला हे आता बंद करायचंय. डॉक्टरांशी बोललोय मी. त्यांनी सगळं नीट सांगितलं, निर्णय तुमचा म्हणाले. फार दिवस मिळणार नाहीत, माहितेय. पण मला थकायला झालंय गं... तुला एकटीला टाकून जायचं नाही, एवढ्यासाठी थांबलोय. तुमचं ठरलं की मी सुटलो."

"बाबा, काहीतरीच काय बोलता?"

"बरं. नाही ठरलं तोवर येतो की."

तीनच दिवसांनी, व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, पागोळ्या गळत असताना लांबणनं मला विचारलं. दोनच वाक्यांत. "मला याचं सूत्र काही जमेना. लग्न करशील माझ्याशी?"

माझ्या सगळ्या अंगात 'हो' भरून आलं होतं. खोटं कशाला सांगू? त्या ओल्या पायरीवर बसून त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं, बस, एवढंच वाटत होतं. पण हो म्हटलं की बाबा जाणार. इतकं सरळ होतं ते. मी म्हटलं, "थांबशील? आणि... कारण विचारू नकोस."

"किती?"

"माहीत नाही."

तो थांबला. तीन महिने थांबला. आणि मी दर खेपेला टॅक्सीत बसले की बाबा विचारायचे, "काही?" मी म्हणायचे, "काही नाही." ते मान हलवून डोळे मिटायचे. पायांत गोळे आले की ओरडू नये म्हणून टॉवेल दातांत धरायला लागले. सुईच्या हातावर जागा उरली नव्हती. मी रात्री जेवताना स्वतःला समजवायचे, अजून एक आठवडा, फक्त एक. असे बारा आठवडे मी त्यांच्याकडून काढून घेतले.

शेवटी लांबणचा धीर सुटला. एका शनिवारी दहा वाजता, आत मशीन चालू असताना, तो मला बाहेर घेऊन आला. त्याच्या हातांना स्पिरिटचा वास होता.

"मी आवडत नाही का तुला? तसं असेल तर सांग. मी बदली मागून घेतो."

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, टॅक्सीतलं बोलणं, 'काही?' आणि 'काही नाही'. तो ऐकत गेला आणि भिंतीला टेकला.

"म्हणजे ते... आपल्यासाठी येतायत?" तो हळू आवाजात म्हणाला. "गेल्या आठवड्यात मला विचारलं त्यांनी. तिनं नाही म्हटलं का रे, खरं सांग. मी म्हटलं, मी अजून विचारलंच नाही. मला वाटलं, तुझी अडचण नको व्हायला. ते म्हणाले, बरं, मग थांबतो."

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघू शकलो नाही.

"सुई मी टोचतो त्यांना," तो म्हणाला. "आधी ते दुसरीकडे बघायचे. आता बघतच राहतात, काही वाटतच नसल्यासारखे. मी तुला काही सांगणार नाही. तू म्हणशील तेवढं थांबेन मी. वर्षभर थांबेन. पण ते कशावर थांबलेत, ते मला रोज दिसतं."

"मला बाबा हवेत," मी म्हटलं. लहान मुलीसारखं म्हटलं.

"माहितेय."

"मला तूही हवास."

तो माझा हात धरून उभा राहिला. आतून कुठलंतरी मशीन टुंटुं करायला लागलं, तसा तो हात सोडून पळाला. त्याच्या मागं मीही गेले.

बाबांचंच मशीन होतं. रक्तदाब पुन्हा पडला होता. त्यानं खुर्ची मागं झुकवली, पाय वर केले, बटणं दाबली. हळूहळू बाबांच्या ओठांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि अशा अवस्थेतही माझ्यासाठी हसले. तेव्हा मला माझीच इतकी लाज वाटली की मी खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्यांच्या मोकळ्या हातावर डोकं ठेवलं.

"बाबा, यानं मला विचारलंय. तीन महिन्यांपूर्वीच. माझं उत्तर हो आहे."

शिंपीकाका आणि बाई माना वळवून दुसरीकडे बघायला लागले. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तीन महिने?"

"हो."

मला वाटलं, आता रागावतील. रागवायला हवं होतं त्यांनी.

"काका," ते शिंपीकाकांना म्हणाले, "नाव चुकलं तुमचं. लांबण हा नाही, ही आहे."

मग त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. तो हात थंडगार होता. "बरं केलंस सांगितलंस. मलाही आवडलेच की हे तीन महिने, कोडी चांगली होती." मशीनवर अजून एक तास चाळीस मिनिटं उरली होती. लांबणनं विचारलं, बंद करू का. ते म्हणाले, नको, आता आलोय तर होऊ दे, आणि उरलेली सूत्रं वाच.

मंगळवारी सकाळी सहाला सवयीनं मी त्यांचे कपडे काढून ठेवले. ते जागेच होते. "आज नको," म्हणाले. मी कपडे पुन्हा घडी करून कपाटात ठेवले आणि कपाटाच्या दारामागं तोंड घालून रडून घेतलं.

आठ वाजता दारावरची घंटा वाजली. लांबण होता. गणवेश नव्हता, साध्या शर्टात तो कुणी वेगळाच दिसत होता.

"रजा काढलीस?" बाबांनी आतून विचारलं.

"हो सर."

"सर काय? आता बाबा म्हण."

तो पलंगाशी जाऊन बसला. मला वाटलं तो लाजेल, अडखळेल. पण त्यानं सरळ म्हटलं, "बाबा, पाणी देऊ?" आणि ग्लास भरून दिला. बाबांनी तो आख्खा संपवला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

त्यानंतर अकरा दिवस बाबा होते. तो रोज येत होता. बाबा, उशी वर घेऊ का. बाबा, खिडकी लावू? बाबा, हे सूत्र ऐका. माझ्यापेक्षा जास्त वेळा त्यानं ती हाक मारली असेल. त्याच्याकडे दिवस कमी होते.